निरोपाच्या चार ओळी

गेल्या वर्षीच्या एप्रिल-जून अंकात दुसऱ्या पानावर एका चौकटीत चार वाक्यं आली. 'आपल्या त्रैमासिकाचे संपादक या अंकानंतर जबाबदारीतून मुक्त होत आहेत. अठरा वर्षांच्या त्यांच्या निरपेक्ष सेवेबद्दल संस्था ऋणी आहे. त्यांना उत्तम आयुरारोग्य लाभो. यापुढे लेख व पत्रव्यवहार नव्या संपादकांच्या नावे पाठवावा.'

ती मी लिहिली. दोन संध्याकाळी गेल्या त्यात. पहिला मसुदा दीड पानाचा होता. पण अंक आठ फर्म्यांचा, म्हणजे १२८ पानं, आणि सगळी भरलेली. एकशे एकोणतिसावं पान हवं तर नवा फर्मा लावायचा, म्हणजे दीड पानासाठी सोळा पानांचा खर्च. कोषाध्यक्ष नाही म्हणाले नाहीत, नुसतं चष्म्यावरून पाहिलं. मग ते मावळते संपादकच, म्हणजे आमचे सर, म्हणाले, "कापा. माझ्यावर दीड पान म्हणजे कुणाच्या तरी लेखाच्या टिपा उडणार."

तर ते दीड पान, आणि त्यात नसलेलंही बरंच काही, इथं लिहिते. संस्थेचं नाव लिहीत नाही. संभाजीनगरातले लोक ओळखतील. त्यांनी ओळखावं आणि गप्प बसावं.

मी मूळची सेलूची. कॉलेजात इतिहास शिकवते आणि अकरा वर्षं या संशोधन त्रैमासिकाची सहसंपादक आहे. मानद. मानद म्हणजे रिक्षाचं भाडंसुद्धा आपलं. औरंगपुऱ्यात दुसऱ्या मजल्यावर एक खोली आहे, दोन गोदरेजची कपाटं, एक टेबल, चार खुर्च्या. त्यातल्या एकीचा पाय मामांनी तारेनं आवळलेला आहे. मामा म्हणजे आमचे शिपाई. आमच्याकडं शाळा-कॉलेजात शिपायाला मामाच म्हणतात, त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर तेवढं असतं.

सर गेले ते पुण्याला. मुलाकडं, हिंजवडीला. मराठवाड्यातल्या माणसाची निवृत्ती म्हणजे शेवटी नगरमार्गे पुणे. पोरं तिकडं, मग गुडघे दुखायला लागले की आईबापही तिकडं. सरांचे डोळे अधू झाले होते. मोडी कागद ते भिंगाखाली धरून वाचायचे. शेवटच्या वर्षात भिंगावर भिंग धरायला लागले. तेव्हाच मला कळलं होतं. त्यांना त्याच्याही आधी कळलं असणार, पण तेव्हा हातात दोन विशेषांक होते.

सर नेहमी म्हणायचे की मराठी संशोधनात निरोप समारंभाची परंपराच नाही, भांडून जायची आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं, पुढं त्याच मंडळाशी त्यांचं बिनसलं, आणि १९२६ साली ते वारले तेव्हा धुळ्यात होते. "त्या मानानं माझं बरं चाललंय," सर म्हणायचे, "मी फक्त कोषाध्यक्षांशी बोलत नाही."

जाण्याआधी पंधरा दिवस त्यांनी मला एकेक वस्तू दिली. कपाटाच्या किल्ल्या. संस्थेचा रबरी शिक्का. आमच्या आयएसएसएन क्रमांकाचं, म्हणजे नियतकालिकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकाचं, दिल्लीहून आलेलं पत्र, प्लॅस्टिकच्या पिशवीत. त्या आठ आकड्यांत शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून, अकरानं भागून, काढलेला असतो, त्यामुळं कुणी एखादा आकडा चुकवला की हिशेबातच पकडला जातो. एका महाशयांनी आमच्या नावाशी मिळतंजुळतं नाव घेऊन बनावट अंक काढला होता, तेव्हा त्यांनी छापलेला क्रमांक सरांनी पाठीमागच्या कोऱ्या कागदावर गुणाकार-बेरीज करून दोन मिनिटांत खोटा पाडला होता. फोनवर त्या माणसाला म्हणाले, "अहो, चोरी करायची तर निदान अकराचा पाढा तरी पाठ करा."

आणि शेवटी वही दिली.

ही वही म्हणजे परीक्षकांची वही. आमच्याकडं आलेला लेख लेखकाचं नाव काढून दोन जाणकारांकडं जातो. लेख कुणाचा हे त्यांना कळत नाही, आणि कुणी तपासला हे लेखकाला कळत नाही. निदान तसा नियम आहे. मराठवाड्यात यादवकालीन शिलालेखांवर लिहिणारी माणसं इतकी कमी आहेत की दुसऱ्या परिच्छेदातच लेखक ओळखू येतो. कोणता लेख कुणाकडं पाठवायचा नाही, हीच खरी संपादकाची विद्या. ती सगळी या वहीत होती. दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची, डावीकडं नाव आणि विषय, उजवीकडं पेन्सिलीनं खुणा.

खुणा मला लावता येईनात. नावापुढं तीन टिंबं असली तर तीनदा आठवण करावी लागते, हे मी अकरा वर्षांत ओळखलं होतं. 'च' म्हणजे चहा: घरी जाऊन, चहा घेऊन, लेख हातात द्यायचा, पोस्टानं पाठवला तर अपमान होतो. 'गु' म्हणजे गुरू. या माणसाच्या गुरूंविरुद्ध काही असेल तर देऊ नये. एका नावापुढं उलटा त्रिकोण होता. सर म्हणाले, ते चांगलं तपासतात पण तपासता तपासता लेखातलं साधन स्वतःच्या लेखात वापरतात. असं म्हणून त्यांनी तो त्रिकोण खोडरबरानं पुसला. "हे तोंडी ठेव," म्हणाले.

'पा' मात्र विचारायचं राहून गेलं. तीन नावांपुढं 'पा' होतं, तिघंही सिडकोतले. मी म्हटलं पाली असेल. पण एक जण निजामाच्या महसुलावर काम करणारे, त्यांचा पालीशी काय संबंध? पाठदुखी? पाहुणे? दोन महिन्यांनी पुण्याला फोन लावला. सर मनापासून हसले. "पाणी गं. त्यांच्या भागात आठ-दहा दिवसांनी नळ येतो. त्या दिवशी फोन केला की चिडतात. कोपऱ्यात वार लिहिलाय बघ." पाहिलं, तर होता लिहिलेला, आणि दोनदा बदललेला. म्हणजे महापालिकेनं वेळापत्रक बदललं की सर आपली वही दुरुस्त करायचे.

निरोप समारंभ झाला तो जूनच्या शेवटच्या शनिवारी. शाल, श्रीफळ, आणि जो कुणाच्याच घरात मावत नाही असा पुष्पगुच्छ. प्रमुख पाहुणे विज्ञानाचे प्राध्यापक होते, ऐन वेळी मिळाले ते. त्यांनी भाषणात 'नेचर' या नियतकालिकाचा दाखला दिला. १८६९ साली ते निघालं, पहिले संपादक नॉर्मन लॉकियर, त्यांनी तब्बल पन्नास वर्षं खुर्ची सोडली नाही. इथवर ठीक होतं. पुढं म्हणाले, "आणि आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे याच लॉकियर साहेबांनी आपल्या महाराष्ट्रात, विजयदुर्ग किल्ल्यावरून, १८६८ साली हेलियमचा शोध लावला!" टाळ्या पडल्या. मी सरांकडं पाहिलं. शाल खांद्यावर, मांडीवर नारळ, आणि त्यांचा उजवा पाय हलायला लागला होता. एखाद्या लेखात चूक सापडली की तो पाय असाच हलायचा.

सत्काराला उत्तर द्यायला उठले. आभार दोन वाक्यांत उरकले. मग म्हणाले, "पाहुण्यांच्या मुद्द्याला एक छोटी पुरवणी." आणि सांगितलं की १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात हिंदुस्थानात निरीक्षण केलं ते जान्सेन या फ्रेंच माणसानं, तेही गुंटूरला. लॉकियर तेव्हा इंग्लंडात होते, त्यांनी ती पिवळी रेषा ऑक्टोबरात, ग्रहणाशिवाय, तिथूनच पाहिली. विजयदुर्गला ते आले हे खरं आहे, पण १८९८ च्या जानेवारीतल्या ग्रहणासाठी. किल्ल्यावरचे 'साहेबांचे ओटे' त्या वेळचे. "तीस वर्षांचा फरक आहे," सर म्हणाले, "बाकी आपण माझ्याबद्दल जे बोललात तेही असंच तपासून घ्यावं लागेल." पाहुणे मोठ्या मनाचे निघाले, हसले. कोषाध्यक्षही हसले. त्यानंतर सर आणि कोषाध्यक्ष एकमेकांशी बोलताना दिसले, इम्रतीच्या ताटाजवळ. काय बोलले ते मी विचारलं नाही.

सर जायची वेळही विचित्र होती. २०१९ च्या जूनमध्ये यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, केअर यादी आली: ज्यांतले लेख नोकरी-बढतीला धरायचे अशा नियतकालिकांची. त्याआधी यूजीसीचीच मान्यताप्राप्त यादी होती आणि तिच्यातून २०१८ च्या मे महिन्यात एका फटक्यात ४,३०५ नियतकालिकं काढली गेली होती. आम्ही केअरमध्ये लागलो, तेव्हा पेढे वाटले. मग फोन सुरू झाले. पूर्वी आमच्याकडं तिमाहीला आठ-दहा लेख यायचे, त्यांत दोन वाचण्यासारखे. यादीत आल्यावर लेखांचा पाऊस पडायला लागला, आणि वाचण्यासारखे मात्र दोनच राहिले. रात्री साडेनऊला फोन: "मॅडम, मुलाखत पंधरा तारखेला आहे, त्याच्या आत लावा ना." दुसरा फोन: "फी किती घेता?" आम्ही लेखाची फी घेत नाही, वर्गणीवर चालतो, असं सांगितलं की पलीकडच्या माणसाला आमचाच संशय यायचा. एकानं तर स्पष्ट विचारलं, "फी नाही म्हणता, मग खरे आहात कशावरून?"

वाईट याचं वाटायचं की त्यातली बरीच मुलं खरंच अडलेली होती. तासिका तत्त्वावर दहा-दहा वर्षं काढलेली. बीड, हिंगोली, किनवटकडची. नोकरीची आशा एका छापील लेखावर टांगलेली. सरांनी त्यातल्या किती जणांचे लेख स्वतः नीट करून दिले याचा हिशेब त्या वहीत नाही. नाकारलेल्या लेखाबरोबर सर दीड-दोन पानांचं पत्र पाठवायचे. मी म्हणायचे, सर, कशाला एवढं? म्हणायचे, "नाही म्हणायचं तर कारण नको द्यायला?"

मग ११ फेब्रुवारी २०२५ ला यूजीसीनं जाहीर केलं की केअर यादी बंद. नियतकालिक चांगलं की वाईट हे आता विद्यापीठांनी आणि संस्थांनी आपापलं ठरवावं. आमच्याकडचे फोन महिन्याभरात ओसरले. सर म्हणाले, "बरं झालं, आता ज्याला लिहायचंय तोच लिहील." मग थोडं थांबून, "आणि कुणी लिहिलंच नाही तर कळेल तरी." चार महिन्यांनी ते गेले. सोडण्याचा आणि यादीचा काही संबंध नव्हता, पण शहरात दोन्ही गोष्टी एका वाक्यात सांगणारे लोक आहेतच.

एक गंमत सांगायची राहिली. पूर्वी दरवर्षी फेब्रुवारी संपला की पुढच्या अंकात 'फॉर्म नंबर चार' छापावा लागायचा. प्रकाशनस्थळ, कालावधी, मुद्रक, प्रकाशक, संपादक, प्रत्येकाचं राष्ट्रीयत्व, पत्ता, मालकाचं नाव. छापखाने आणि पुस्तक नोंदणीच्या १८६७ च्या कायद्याची देणगी. प्रकाशक बदलला तर जिल्हाधिकारी कचेरीत जाऊन घोषणापत्र करायचं. मागं एकदा प्रकाशक बदलले तेव्हा मामा आणि मी दोन दिवस तिथल्या बाकावर बसून होतो. आता १ मार्च २०२४ पासून नवा कायदा लागू झाला आणि त्यात नियतकालिकाच्या व्याख्येतूनच शैक्षणिक आणि शास्त्रीय स्वरूपाची जर्नल्स वगळली आहेत. म्हणजे आमचा संपादक कोण, गेला कधी, आला कोण, हे सरकारला आता ऐकायचं नाही. सुटका झाली म्हणून मी खूश झाले. सर जरा खट्टू झाले. "वर्षातून एकदा तरी लिहून यायचं, संपादक: भारतीय," म्हणाले.

पण आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं त्याच्याकडं येते.

फॉर्म चारमध्ये ज्याला कधी रकाना नव्हता, श्रेयपानावर ज्याचं नाव कधी आलं नाही, असा एक माणूस आमचा अंक बावीस वर्षं लावत होता. आम्ही सगळे त्यांना भाई म्हणायचो. सिटी चौकाजवळच्या एका प्रेसमध्ये डीटीपीचे ऑपरेटर, म्हणजे संगणकावर अक्षरं जुळवून पानं लावणारे. त्यासाठी पेजमेकर आणि श्रीलिपी ही सॉफ्टवेअरं. चष्मा कपाळावर, पानाची पिचकारी टाकायला दर अर्ध्या तासानं खाली. घरी उर्दू, बाजारात दखनी, आणि मराठी शुद्धलेखन असं की आमच्या दोन संपादक मंडळ सदस्यांनी त्यांच्याकडं शिकवणी लावावी. 'ऱ्हस्व'मधला ऱ्ह कोणत्या कळीवर आहे हे विचारलं की न बघता सांगायचे. प्रूफात मी एखादा शब्द गोल करून ठेवला तर कधी कधी माझाच गोल खोडून यायचा, बाजूला बारीक अक्षरात 'बरोबर आहे'.

हैदराबाद मुक्तिसंग्रामावरच्या विशेषांकातली गोष्ट. लेख एका मोठ्या प्राध्यापकांचा होता, दोन परीक्षकांनी पास केलेला, सरांनी पाहिलेला, मी पाहिलेला. संध्याकाळी सहाला भाईंचा फोन: "मॅडम, जरा आके जाओ." गेले. पडद्यावर टीप क्रमांक त्रेचाळीस. एका पाटलाच्या अर्जाची तारीख मुळात आबान महिन्यातली, सन १३५७ फसली, आणि लेखकानं कंसात इसवी सन दिला होता, सप्टेंबर १९४७.

"आबान तो साल का आखिरी महिना है ना?" भाई म्हणाले. "मग हे सत्तेचाळीस कसं?"

मी खुर्चीवर बसले. हैदराबाद संस्थानातलं फसली, म्हणजे महसुली, वर्ष आझूर महिन्यानं सुरू व्हायचं, ऑक्टोबरात. आकड्यात ५९० मिळवले की इसवी सन, हे आम्ही पोरांना पाठ करून घेतो. पण ते डिसेंबरपर्यंतच. जानेवारी उजाडला की ५९१ मिळवायचे. १३५७ चा आझूर म्हणजे ऑक्टोबर १९४७, पण १३५७ चा आबान म्हणजे सप्टेंबर १९४८. म्हणजे ज्या महिन्यात भारतीय फौजा आत आल्या आणि १७ तारखेला निजामानं शरणागती पत्करली तो महिना. लेखकाचा अख्खा युक्तिवाद त्या अर्जावर होता: लोक वर्षभर आधीच उठले होते. तारीख एका वर्षानं पुढं सरकली आणि तो युक्तिवाद पत्त्याच्या बंगल्यासारखा बसला.

"तुम्हाला कसं माहीत, भाई?"

"आमच्या शेताचे कागद. आजोबांचे. वाटणीच्या वेळी वकिलानं हीच चूक केली होती. दोन साल कोर्ट."

सरांनी रात्री लेखकाला फोन केला. अर्धा तास आवाज चढले, मग उतरले. लेखाचा शेवट बदलून आला, आणि खरं सांगायचं तर आधीपेक्षा चांगला आला. लेखाखाली आभार होते: अभिलेखागाराचे, परीक्षकांचे, पत्नीचे. भाईंचं नाव नव्हतं. मी तेव्हा म्हटलंही नाही की घाला. सुचलंच नाही. हे लिहिताना हात जरा थांबला.

भाई गेले ते सरांच्या तीन महिने आधी. गेले म्हणजे प्रेसनं डीटीपीचा विभागच बंद केला. मालकांचा मुलगा म्हणाला की आता लोक पीडीएफ घरूनच करून आणतात, आपण फक्त छापायचं. त्याचंही चूक नाही, धंदा त्याला चालवायचा आहे. भाई आता किराडपुऱ्यात भाच्याच्या दुकानात बसतात, ऑनलाइन फॉर्म भरून देतात. आधार, उत्पन्नाचे दाखले, लाडक्या बहिणींची केवायसी. त्यांना शाल नाही, श्रीफळ नाही. प्रेस वेगळी, संस्था वेगळी, ते आमचे कर्मचारी कुठं होते? मी घरी जाऊन आले, एक पेन दिलं. कसंनुसं झालं. जो माणूस बावीस वर्षं कळफलकावर जगला त्याला मी पेन दिलं.

नवी माणसं चांगली आहेत. हे मी तोंडदेखलं म्हणत नाही. नवे संपादक चाळिशीच्या आतले, नांदेडचे, फारसी शिकलेले, आणि मुख्य म्हणजे कोषाध्यक्षांशी बोलणारे. मदतीला एक मुलगी आली आहे, लातूरची, एम.ए. झालेली. तिनं महिन्याभरात सगळं ओपन जर्नल सिस्टिम्स या सॉफ्टवेअरवर चढवलं. फुकट मिळतं ते. लेख तिथंच येतो, तिथूनच परीक्षकाकडं जातो, आठवणीही आपोआप जातात. पहिल्याच आठवड्यात एका ज्येष्ठ परीक्षकांचा फोन आला, वहीत 'च' असलेल्या: "अहो, मला मशीन आठवण करून देऊ लागली! मी काय कर्जदार आहे का?" मग मी आणि ती मुलगी त्यांच्याकडं जाऊन चहा घेऊन आलो. दुसरे एक 'पा' वाले. मशीननं त्यांना नेमकं पाण्याच्या दिवशी गाठलं. मुलगी म्हणाली, "मॅडम, यात वार टाकायची सोय करता येईल का बघते." मला ती तेव्हा फार आवडली.

अक्षरजुळणी आता तीच करते, युनिकोडमध्ये. जुने बावीस वर्षांचे अंकही बदलून घ्यायचं काम चाललंय. जुन्या फाँटात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, जशी दिसते तशी. कन्व्हर्टर ती उचलतो आणि कुठंतरी नेऊन ठेवतो. 'विद्यापीठ'चं 'वद्यिापीठ' होतं, 'विश्वास'चा 'वश्विास'. पानामागून पान असं. आम्ही दोघी शनिवारी बसून वेलांट्या जागेवर आणतो. मामा विचारतात, "अजून किती वेलांट्या राहिल्या?" आम्ही सांगतो, २०११ साल चालू आहे.

जुलै-सप्टेंबरच्या अंकात मी हट्ट धरला की श्रेयपानावर एक ओळ घालायची. 'अक्षरजुळणी (२००३ ते २०२५)' आणि पुढं भाईंचं पूर्ण नाव. नवे संपादक लगेच हो म्हणाले. कोषाध्यक्षसुद्धा, कारण ओळीला फर्मा लागत नाही. नाव मुलीनं जुन्या अंकाच्या फाइलीतून उचललं. एकदा एका चित्राखाली भाईंनी छायाचित्रकार म्हणून ते स्वतः टाइप केलं होतं, तेवढीच ती एक जागा. अंक छापून आला. अकरा लेख होते, सगळ्यांची प्रूफं मी तीन-तीनदा वाचलेली. मामांनी पहिली प्रत टेबलावर ठेवली, मी श्रेयपान उघडलं.

आडनावातली पहिली वेलांटी पुढच्या जोडाक्षरावर जाऊन बसलेली.

चारशे प्रती छापून झालेल्या. मुलगी रडवेली झाली. तिचा दोष नव्हता, शेवटचं प्रूफ माझं होतं. अंक घेऊन मी स्वतः किराडपुऱ्यात गेले. दुकानात गर्दी होती, भाई एका बाईच्या अंगठ्याचा ठसा लागेना म्हणून तिला बोट पुसायला सांगत होते. मी पान उघडून समोर धरलं आणि आधीच सांगून टाकलं की चूक झाली आहे. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला. बराच वेळ बघितलं. मला वाटलं नावाकडं बघतायत, पण ते अख्खं पान वर-खाली वाचत होते.

"पिन कोडमध्ये पण एक आकडा गेलाय," म्हणाले.

मी काही बोलले नाही.

"हे पान तुम्ही कधीच वाचत नव्हता, मॅडम. वो मैंच देखता था." रागानं नाही, आपलं माहिती दिल्यासारखं. मग अंक पिशवीत ठेवला आणि त्या बाईंना म्हणाले, "हां, आता लावा अंगठा."

शुद्धिपत्र टाकते, म्हटलं. "टाका," म्हणाले, "पण त्यात चुकवू नका."

ऑक्टोबरच्या अंकासाठी ती ओळ मी स्वतः टाइप केली, एकेक अक्षर. मग कागदावर काढून मामांना समोर बसवलं आणि मोठ्यानं वाचून दाखवली. परत वाचली. मामा तारेच्या खुर्चीत सावरून बसले.

"एकच तर ओळ हाय मॅडम," म्हणाले, "तीन-तीनदा काय वाचू लागल्या?"